तारण झालंय की नाही, हे दर रविवारी स्वतःला विचारणाऱ्यांसाठी

मी आयुष्यात चार वेळा हात वर केलाय. उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास जागवायला भरवतात ती सभा, संपत आली की प्रचारक सांगतात ना, सगळ्यांनी डोळे मिटा, माना खाली, आणि ज्याला आज येशूला स्वीकारायचंय त्याने हात वर करा, तो हात. पहिल्यांदा नववीत, मग आयटीआयला असताना, मग नाशिकच्या अंबडला कंपनीत लागलो त्या वर्षी, आणि चौथ्यांदा लग्नानंतर. त्या वेळी बायको शेजारीच होती, तिने एक डोळा किलकिला करून बघितलं आणि घरी जाताना गाडीवर मागून विचारलं, "अहो, तुमचं आधी झालं नव्हतं का?" द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये ऐकू आलं नाही असं दाखवलं मी, पण ऐकू आलं होतं.

झालं होतं की, तारण, म्हणजे येशूवर विश्वास ठेवून पापातून सुटका. पण दर वेळी दोन-तीन महिन्यांत ते झालेलं विरून जायचं. घरात आवाज चढला, सुपरवायझरला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आठवडाभर बायबल उघडलंच नाही, की वाटायचं आपलं काही खरं नाही, चला परत पहिल्यापासून. असं बरीच वर्षं चाललं. आता तसं होत नाही, आणि ते कसं थांबलं ते इथे लिहितोय, कारण आमच्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, निदान चार-पाच जण तसेच अडकलेले मला माहितीयेत आणि ते कोणाला बोलत नाहीत. मी पाळक नाही, सेमिनरीत गेलेलो नाही, फिटर आहे, तेव्हा चुकलं तर आपल्या पाळकसाहेबांना किंवा फादरना विचारून दुरुस्त करून घ्या.

सगळ्यात आधी एक गाठ सोडवून घ्या. तारण होणं ही एक गोष्ट आणि ते झाल्याची आपल्याला खात्री असणं ही दुसरी. जन्माचा दाखला सापडत नाही म्हणून माणूस जन्मलाच नव्हता असं होत नाही, महापालिकेत चकरा माराव्या लागतात एवढंच. मी या दोन्ही गोष्टी एकच समजत होतो, त्यामुळे खात्री गेली की तारणच गेलं असं धरून परत हात वर. योहानाचं पहिलं पत्र बघा, पाचव्या अध्यायाचं तेरावं वचन. तिथे तो सांगतो की मी हे कोणाला लिहितोय, तर जे देवाच्या पुत्राच्या नावावर विश्वास ठेवतात त्यांना, आणि कशासाठी, तर सार्वकालिक जीवन आपल्याला मिळालंय हे त्यांना कळावं म्हणून. म्हणजे विश्वास असूनही ज्यांना कळलेलं नव्हतं अशी माणसं तेव्हाही होती, पहिल्या शतकात. विश्वास ठेवल्याबरोबर सगळ्यांना आपोआप खात्री येत असती तर हे पत्र लिहायची गरजच काय होती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही.

मग खात्री कशावर धरायची. मी धरत होतो मनाच्या अवस्थेवर. गाण्याच्या वेळी डोळ्यात पाणी आलं की तारण पक्कं, नाही आलं की कच्चं. इथे मला एका व्यवहाराने शिकवलं. पाथर्डी फाट्याकडे आम्ही फ्लॅट बघितला तेव्हा विसार दिला होता, रीतसर विसार पावती केली, आणि घरी आल्यावर रात्री मला झोप नाही, निर्णय बरोबर का चूक, हप्ते झेपतील का. पण माझ्या झोपेने त्या पावतीला काही फरक पडत नव्हता, व्यवहार बांधला गेला होता. त्याच महिन्यात इफिसकरांस पत्र वाचताना पहिल्या अध्यायात तोच शब्द दिसला, पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे. विसार! अहो, हा शब्द मी शंभर वेळा वाचला असेल, बायबलमधला कुठलातरी धार्मिक शब्द समजून पुढे गेलो असेन. आता त्यात बघा की विसार देतो कोण. ज्याला विकत घ्यायचंय तो देतो, आणि जो देतो तो स्वतःला बांधून घेतो, मागे फिरला तर त्याचाच विसार बुडतो. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या त्या वाक्यात विसार आपण देवाला दिलेला नाहीये, देवाने दिलाय. मी मात्र इतकी वर्षं माझ्या खिशात किती आहेत तेच मोजत बसलो होतो.

तर पहिलं काम हे करा. एक वही घ्या, मोबाईलमधली नोट नको, खरी वही, आणि पहिल्या पानावर तीन वचनं स्वतःच्या अक्षरात लिहा. मी योहान ६:३७, योहान १०:२८ आणि रोमकरांस ८:३८-३९ ही घेतली. प्रत्येकाखाली तीन गोष्टी लिहायच्या, हे कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय, आणि त्यात माझ्याकडून काय मागितलंय. योहान ६:३७ ला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढायला मला दोन दिवस लागले, कारण मी काहीतरी मोठं शोधत होतो आणि तिथे फक्त 'माझ्याकडे येतो' एवढंच आहे, जो येतो त्याला मी घालवून देणार नाही. कसा येतो, किती वेळा धडपडून येतो, रडत येतो का कोरडा येतो, काहीच लिहिलेलं नाही. शंका आली की आधी हे पान उघडायचं, मनात डोकवायचं नंतर.

आता समज वाढण्याबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खात्री लवकर विरते त्याचं अर्धं कारण आपलं वाचन असतं असं माझं मत आहे.

आपल्याकडे एकतीस डिसेंबरच्या रात्री उपासनेला वचनाच्या चिठ्ठ्या काढतात. मला आवडतो तो प्रकार, पोरं तर त्याचसाठी जागी राहतात. पण वर्षभर आपण बायबल तसंच वाचतो, चिठ्ठी काढल्यासारखं, एक वचन इथलं एक तिथलं. यिर्मया २९:११ घ्या, तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भविष्य आणि आशा द्यायची आहे. मगवर असतं, किचेनवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं. माझ्या वाट्याला एका वर्षी ही चिठ्ठी आली आणि मी धरूनच चाललो की या वर्षी प्रमोशन. झालं नाही. मी देवावर रुसलो, चांगला दोन महिने. नंतर कधीतरी पूर्ण अध्याय वाचला तर कळलं की हे बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि बरोब्बर आधीच्या, दहाव्या वचनात लिहिलंय की सत्तर वर्षं झाल्यावर मी तुमचा समाचार घेईन. सत्तर! म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांना परत जाणं बघायलाही मिळालं नसेल. आणि त्याच पत्रात त्यांना सांगितलंय की तिथे घरं बांधा, मळे लावा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं कळल्यावर ते वचन मला छोटं नाही वाटलं, उलट मोठं वाटलं, पण प्रमोशनचा आणि त्याचा संबंध संपला आणि माझा रुसवाही संपला.

म्हणून पूर्ण पुस्तक वाचा. सुरुवातीला योहानाचं पहिलं पत्रच घ्या, पाच अध्याय, एकूण १०५ वचनं, मोठ्याने वाचलं तरी वीसेक मिनिटांत होतं. एक महिना रोज तेच. कंटाळा येतो, दहाव्या दिवशी तर फारच येतो, पण पंधराव्याच्या पुढे काय होतं की तो माणूस कुठे एकच गोष्ट फिरून फिरून सांगतोय ते दिसायला लागतं, 'यावरून आपल्याला कळतं' या अर्थाचं तो किती वेळा म्हणतो ते मोजा एकदा. मग योहानाचं शुभवर्तमान, मग रोमकरांस पत्र, तेही पाच ते आठ हे अध्याय सावकाश. प्रकटीकरण, बायबलचं शेवटचं पुस्तक, लगेच नको प्लीज. नवीन विश्वासणाऱ्यांना तिथेच पहिलं जायचं असतं आणि मग सहा महिने तिथल्या श्वापदाच्या ६६६ या आकड्यावर चर्चा.

भाषेची अडचण येते हे मी मान्य करतो. जुन्या भाषांतरातली मराठी गोड आहे, माझ्या आजीला ती तोंडपाठ होती, पण 'नीतिमान ठरवणे', 'प्रायश्चित्त', 'सुभक्ती' हे शब्द आपण ऐकतो आणि समजले असं धरतो. माझ्या मुलीने विचारलं, "पप्पा, नीतिमान म्हणजे चांगला मुलगा का?" आणि मी अडकलो. ते कोर्टातलं आहे, न्यायाधीशाने 'निर्दोष' असा निकाल दिला तसं, पोरगं चांगलं वागायला लागलं म्हणून दिलेलं सर्टिफिकेट नाही, आणि निकाल लागलाय म्हणून आता वागणं बदलतंय, उलट क्रमाने नाही. या एका शब्दात अख्खी खात्री आहे खरं तर. तर सोप्या भाषेतलं एक भाषांतर बाजूला ठेवा, दोन्ही वाचा, आणि न कळलेला शब्द वहीत शेवटच्या पानावर लिहून रविवारी विचारा. मोबाईलवर ऑडिओ बायबल मराठीत फुकट मिळतं, मी फर्स्ट शिफ्टला कंपनीच्या बसमध्ये ऐकतो, पण ऐकणं हे वाचण्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला.

आणि पाठ करा. हो, मोठ्यांनीसुद्धा, शब्बाथशाळेतल्या पोरांनीच का म्हणून. नाशिकच्या शरणपूरची एक गोष्ट आहे जी आपल्याच लोकांना माहीत नसते. एकोणिसाव्या शतकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीचं मिशन होतं, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना आणून तिथे सांभाळायचे, शिकवायचे. त्यातला एक जेकब वेनराइट. पुढे तो मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या तुकडीत आफ्रिकेत गेला, आणि १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आत्ताच्या झांबियात एका खेड्यात वारले तेव्हा आसपास ना पाळक ना चर्च, त्यांचं हृदय झाडाखाली पुरताना अंत्यविधीची उपासना वाचली ती या शरणपूरला शिकलेल्या पोराने. पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांच्या देहाचं दफन झालं तिथेही तो हजर होता. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, दुकानं बघत. मला यातून एवढंच घ्यायचंय की वेळ येते तेव्हा पाळक जवळ असतीलच असं नाही. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा मोबाईल आत नेऊ देत नव्हते, मला तेविसावं स्तोत्र पूर्ण येत होतं म्हणून म्हणता आलं, आणि चौथ्या वचनाला ते ओठ हलवत होते. आठवड्याला एक वचन, बेसिनच्या आरशावर चिकटवायचं, वर्षाचे बावन्न होतात, त्यातले वीस राहिले तरी भरपूर.

प्रार्थनेचं थोडक्यात. आपल्या प्रार्थना बहुतेक मागणीपत्रासारख्या असतात, माझ्याही. समज मागत नाही आपण. पौल इफिसकरांसाठी काय मागतो ते १:१७ पासून बघा, त्यांच्या अंतःकरणाचे डोळे प्रकाशित व्हावेत असं मागतो, नोकरी नाही, तब्येत नाही. ते वाक्य स्वतःचं नाव घालून रोज वाचण्याआधी म्हणा. आणि अगदीच काही सुचत नसेल तर मार्क ९:२४ मधल्या त्या बापाची प्रार्थना आहे, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका वाक्यात विश्वासपण आणि अविश्वासपण, आणि येशूने त्याच्या पोराला बरं केलं, आधी नीट विश्वास ठेवून ये असं काही सांगितलं नाही.

आता कोणी म्हणेल की मग फक्त वचन धरून बसायचं का, वागणं कसंही असलं तरी चालेल का. नाही. पण तपासायचं कसं आणि कितीदा, इथे मी द्राक्षातून शिकलो, आणि द्राक्षवेलीचा दाखला सगळेच देतात हे मला माहितीये, नाशिकच्या पाळकांना तर योहान १५ म्हणजे घरचाच अध्याय, पण हे जरा वेगळं आहे, ऐका.

आमच्या मंडळीतले एक काका निफाडकडचे, त्यांची बाग आहे. बागेची छाटणी दोनदा असते, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. एप्रिलात छाटल्यावर बाग अशी दिसते की संपलं सगळं, नुसते खुंट. मग नवीन काड्या फुटतात, आणि त्या काडीवरच्या डोळ्यांच्या, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांच्या, आत, साधारण दीड-दोन महिन्यांत, पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. घड असलेला डोळा आणि नसलेला डोळा, दोन्ही सारखेच. मग गोडी छाटणीच्या आधी काका काय करतात, बागेतल्या थोड्या काड्या कापून डोळे तपासणीला देतात, तिथे तो डोळा ब्लेडने चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यावर घड आहे ते सांगतात, त्यावरून काडी कुठे छाटायची ते ठरतं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो, त्यांनी मला भिंगातून बघू दिलं, मोहरीएवढंही नाही असं काहीतरी हिरवट पांढरं होतं, मला तर काही कळलं नाही, काकांचा चेहरा मात्र खुलला. मी म्हटलं काका, मग सगळेच डोळे तपासून टाकायचे ना, एकदाचा जीव निवांत. ते हसले, म्हणाले, "अरे, चिरलेला डोळा परत फुटतो का?"

मी नेमकं तेच करत होतो. रोज रात्री डोळा चिरून बघायचं, घड आहे का घड आहे का. आता वर्षातून दोनदा करतो, उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, आणि नाताळच्या आधी, एक संध्याकाळ काढून, योहानाच्या पहिल्या पत्राला सूक्ष्मदर्शक धरून. तो तीन गोष्टी बघायला सांगतो. येशू हाच ख्रिस्त, यावर विश्वास आहे का (५:१). त्याच्या आज्ञा पाळायची ओढ आहे का (२:३). आणि भावांवर प्रीती आहे का (३:१४). परफेक्ट आहे का असं तो विचारत नाही, उलट आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःलाच फसवतो असं पहिल्याच अध्यायात सांगून ठेवलंय. मोहरीएवढं दिसलं तरी ते आहे. पुढे पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, विश्वासात काय काय भर घालत जायचं त्याची यादी आहे, तीपण अशा संध्याकाळी वाचायला चांगली, पण एकदम सगळी करायला जाऊ नका, दमाल.

तिसऱ्या, भावांवरच्या प्रीतीच्या प्रश्नावर मी जोरात आपटलो होतो. माझा चुलत भाऊ आणि मी, गावच्या घराच्या वाटणीवरून तीन वर्षं बोलत नव्हतो. मंडळीत एकाच उपासनेला, तो डावीकडे मी उजवीकडे, आणि प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत भाकर घेतो तेव्हा, मी अशा रांगेत जायचो की समोरासमोर यायला नको. आणि याच तीन वर्षांत मी सगळ्यांना सांगत होतो की मला तारणाची खात्री वाटत नाही, उपास करतोय, रात्रीची प्रार्थना करतोय, तरी वाटत नाही. वाटेल कशी! पहिल्या पानावरची वचनं आपल्या जागी पक्कीच होती, मीच तिकडे तोंड करू शकत नव्हतो. मत्तय ५:२३-२४ माहीत होतंच, वेदीपाशी अर्पण तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. शेवटी एका शनिवारी चिवड्याचा पुडा घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो. वाटेत गाडीवर चांगलं भाषण तयार केलं होतं, तोंडातून निघालं फक्त "चुकलं माझं". वहिनींनी पाणी दिलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "चिवडा तिखटवाला आहे ना?" वाटणीचा प्रश्न अजूनही पूर्ण मिटलेला नाही, खरं सांगतो. पण दुसऱ्या दिवशी भाकर हातात घेतली तेव्हा ती मला दिलीये असं वाटलं, तीन वर्षांत पहिल्यांदा.

म्हणजे ठरावीक एखादी गोष्ट बोचत असेल तर ती मनात गोल गोल फिरवत बसू नका, तिचं नाव घेऊन कबूल करा (१ योहान १:९) आणि ज्याचं घेणं लागतो त्याच्याकडे जा. आणि बोचतंय पण नाव घेता येत नाही, नुसतं मोघम, 'मी वाईटच आहे, माझं काही खरं नाही' असं असेल तर ते बहुतेक वेळा पवित्र आत्म्याचं काम नसतं. आत्मा दोष दाखवतो तेव्हा बोट ठेवून दाखवतो, हा माझा अनुभव.

कोरडे दिवस येणारच. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली दहा वर्षं दीक्षित पाळक होता, अमेरिकेत मिशनरी म्हणून जाऊन आला होता, तरी आतून रिकामा, आणि २४ मे १७३८ ला लंडनमध्ये एका छोट्या सभेत कोणीतरी रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचत असताना त्याला पहिल्यांदा आतून खात्री वाटली, तीही सभेला मनाविरुद्ध गेला होता. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये बाहेर आली त्यात तर वर्षानुवर्षं काहीच जाणवत नसल्याचं लिहिलेलं होतं, आणि बाई रोज पहाटे उठून कामाला जातच होत्या. स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी आशेचं वाक्यसुद्धा नाही, तरी ते देवाच्याच पुस्तकात आहे. मग अशा दिवसांत काय करायचं, तर वाचन अर्ध्यावर आणा पण बंद करू नका, मोठ्या प्रार्थना जमत नसतील तर प्रभूची प्रार्थना म्हणा, आणि मंडळीत जाणं सोडू नका, त्या दिवशी तुमच्या वाटची दुसरे गातात.

आणि झोप बघा. हसू नका. १ राजे १९ मध्ये एलीया मरण मागत झाडाखाली पडला, तर देवाने आधी त्याला झोपू दिलं, भाकर दिली, परत झोपू दिलं, बोलणं नंतर. मला नाइट शिफ्टच्या आठवड्यात हमखास वाटतं की देवाने मला सोडलंय, आणि फर्स्ट शिफ्ट लागली की वाटत नाही. दोन-तीन आठवडे सतत रडू, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, किंवा तेच पाप परत परत कबूल करूनही डोकं थांबत नाही असं असेल तर प्रार्थना करून घ्याच, पण डॉक्टरकडेही जा, लाज धरू नका. 'विश्वास कमी पडतोय' असं सांगून औषध बंद करायला लावणारा कोणी भेटला तर त्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा प्रचारक असो.

त्यावरून आठवलं, युट्यूब. मोबाईलवर रोज एक नवीन भविष्यवाणी येते, अमुक रकमेचं बीज पेरा, म्हणजे तेवढे पैसे पाठवा, आमेन टाइप करा, दहा जणांना पाठवा. बिरुया शहरातल्या लोकांनी तर पौलाचंसुद्धा शास्त्रात तपासून बघितलं होतं (प्रेषित १७:११) आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय. ज्याचं भाषण ऐकून तुम्हाला येशूपेक्षा त्या माणसाची आणि त्याच्या खाते नंबरची जास्त आठवण राहते, त्याला अनसबस्क्राइब करा.

एक मात्र आहे, मंडळ्यांमध्ये या विषयावर मतं वेगळी आहेत. कोणी म्हणतं एकदा तारण झालं की जाऊच शकत नाही, कोणी म्हणतं माणूस स्वतःहून सोडून देऊ शकतो, कॅथलिक बांधव खात्रीपेक्षा आशा हा शब्द जास्त वापरतात. मी यावर पूर्वी खूप वाद घातलेत, चहाच्या टपरीवर तास तास. आता घालत नाही. कुठल्याही बाजूचे असा, आज येशूकडे यायला बंदी कोणीच सांगत नाही.

घरच्यांना घाई करू नका, हेही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि लक्ष्मीबाईंचा १९००. पाच वर्षं. या लक्ष्मीबाई आपल्या इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवरा कवी, विद्वान, रात्रंदिवस तेच बोलणारा, तरी त्यांना त्यांच्या वेळेनेच कळलं. तुमचा नवरा, मुलगी, सासूबाई दुसऱ्या वेगाने चालत असतील तर चालू द्या, आणि तुम्हीच मागे असाल तर दुसऱ्याची साक्ष ऐकून स्वतःला मोजू नका. मला कधी प्रकाश दिसला नाही, स्वप्न पडलं नाही. माझ्या साक्षीत सांगण्यासारखं काय आहे, तर विसार पावती आणि चिवडा.

एकट्याने करू नका हे मी आधीच लिहायला हवं होतं. निदान एक माणूस हवा ज्याला तुम्ही 'या आठवड्यात वाचलंच नाही' असं सांगू शकाल आणि जो उपदेश न करता 'बरं, आज किती वाजता वाचायचं' एवढंच विचारेल. माझ्यासाठी ते निफाडचे काका आहेत. आमच्याकडे मंगळवारी संध्याकाळी साडेसातला कॉटेज मिटिंग, म्हणजे घरातली प्रार्थनासभा, असते, आठ-दहा जण, सतरंजीवर, चहा आणि पार्ले. सध्या कलस्सैकरांस पत्र चालू आहे, दुसरा अध्याय, आणि दुसऱ्याच वचनात पौल 'समजुतीची पूर्ण खात्री' म्हणतो त्यावर गेले तीन मंगळवार आम्ही अडकलोय, कारण माझ्या मुलीने परत विचारलंय की पूर्ण म्हणजे किती.